धान्याचे पोते कोठे थांबते?

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी देशातील मालवाहतुकीविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. रेल्वेमार्ग कसा आखावा, बंदराचा धक्का किती खोल असावा, हे सांगणे तज्ज्ञांचे काम होय. तथापि बेळगावच्या बाजारात पंचेचाळीस वर्षे धान्याचा घाऊक व्यापार करीत असता लाखो पोती आमच्या दारातून आत आली व बाहेर गेली. त्या पोत्यांनी जे शिकविले तेवढेच येथे मांडण्याचा विचार आहे. सभासद बंधुभगिनींनी ते गोड मानून घ्यावे.

सामान्यतः अशी समजूत असते की, माल जितका दुरून येतो तितका तो महाग पडतो. ही समजूत खोटी नव्हे, पण अपुरी आहे. इंदूरचा गहू बेळगावास यावयाचा म्हणजे नऊशेहून अधिक किलोमीटरचे भाडे पडणारच. परंतु ते भाडे केवळ अंतरावर ठरत नाही. ट्रकमालकाच्या कर्जाचा हप्ता, विमा, परवाना, चालकाचा पगार हा खर्च गाडी चालो वा उभी राहो, दिवसागणिक चालूच असतो. महिन्याला सहा खेपा करणारी गाडी हा बोजा सहा ठिकाणी वाटते. चारच खेपा करणारी तोच बोजा चार ठिकाणी टाकते. शिवाय पोते जितक्या वेळा उचलावे लागते तितक्या वेळा हमाली द्यावी लागते, बारदान फाटते आणि मालात तूट येते. चालण्याचा खर्च एकदाच लागतो. थांबण्याचा व उचलण्याचा खर्च पुनःपुन्हा लागतो. रस्ते, रेल्वे, बंदरे व गुदामे यांच्या सुधारणेचा विचार या एकाच कसोटीवर केला म्हणजे पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

मिरजेचा धडा

आम्ही पेढीवर बसू लागलो तो काळ १९८० च्या सुमाराचा. पुण्याहून मिरजेपर्यंतचा रेल्वेमार्ग १९७१ साली रुंद झाला होता. मिरजेपासून बेळगाव व लोंढ्याकडे येणारा मार्ग मात्र मीटरगेजच राहिला होता. त्याच मिरज स्टेशनात कुर्डूवाडीकडून येणारी अरुंद रुळांची गाडीही येत असे. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ पाहून बाहेरगावच्या मंडळींस कौतुक वाटे. व्यापाऱ्यांस मात्र ते भारी पडे. उत्तरेकडून रुंद मार्गाच्या वॅगनमधून आलेला माल मिरजेस उतरवावयाचा व मीटरगेजच्या वॅगनमध्ये पुन्हा भरावयाचा. मीटरगेजची वॅगन वेळेवर मिळाली तर ठीक. नाहीतर माल तेथेच पडून राही. मिरजेहून बेळगाव काही फार दूर नाही, पण कित्येकदा शेकडो कोसांच्या प्रवासास लागे त्याहून अधिक काळ मालाचा मिरजेत जाई. पावसाळा असला म्हणजे ताडपत्रीखालच्या गव्हाला ओल लागे, आणि ओल लागलेल्या धान्यात कीड पडावयास वेळ लागत नाही. जीवदयेची चाड असणाऱ्या आपल्यासारख्यांना ते धान्य पुढे औषधाच्या धुरीस घालणे किती जिवावर येते, हे सांगावयास नको.

१९९० नंतरच्या दशकात आमच्या भागातील मार्ग रुंद झाला. त्यामुळे बेळगाव इंदूरच्या जवळ सरकले नाही. अंतर होते तेवढेच राहिले. केवळ मधली एक उचल व एक थांबा नाहीसा झाला. सुधारणा म्हणजे काय, याचा आम्हांस मिळालेला हा पहिला धडा.

आमचे वडील याहून मोठा धडा सांगत. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या दोन अवर्षणांच्या काळात देशाला परदेशी धान्यावर विसंबावे लागले. १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले. त्यांपैकी बहुतेक अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेखालचा गहू व मिलो ज्वारी होती. जहाजातून सुटे आलेले धान्य बंदरात पोत्यांत भरावयाचे, पोती शिवावयाची, वॅगनांत चढवावयाची, मग ती आत देशात पाठवावयाची. धान्य किनाऱ्यास लागले म्हणजे ते ताटात पडले, असे नव्हे, हे त्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवले. रेशनच्या रांगेत मिलोसाठी उभे राहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या घरी आजही त्या आठवणी निघतात.

आजवर काय साधले

गेल्या पंचवीस वर्षांत जे झाले त्याची नोंद न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९९९ साली सुरू झालेल्या सुवर्ण चतुष्कोण योजनेतील मुंबई-चेन्नई बाजू बेळगाववरूनच जाते. पुण्याहून निघालेली गाडी पूर्वी आमच्याकडे केव्हा पोहोचेल हे सांगता येत नसे. आता ते बरेचसे सांगता येते. व्यापाऱ्यास वेगापेक्षाही हा भरवसा अधिक मोलाचा वाटतो, कारण माल केव्हा येणार हे ठाऊक असले की गुदामात जादा साठा भरून पैसा अडकवून ठेवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट नाक्यांची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले. त्यापूर्वीची एक हकीकत सांगतो. आमची तुरीची एक गाडी सीमेवरील एका नाक्यावर एका कागदातील अक्षराच्या चुकीमुळे दोन रात्री अडकली. जुलैचा पाऊस कोसळत होता, ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती, आणि बिल्टीवर स्वच्छ लिहिलेल्या मालापैकी चाळीस पोती आमच्या दारी भिजून आली. दंडाची रक्कम किरकोळ होती. नुकसान थांबण्याचे झाले. २०१८ पासून ई-वे बिल आले व फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. या व्यवस्थांविषयी कुरकुर करावयास जागा आहे, आणि आम्हीही ती केली आहे. तथापि दोन रात्रींचा तो मुक्काम आता होत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरी गोष्ट रेल्वेची. १९५१ च्या सुमारास देशातील मालवाहतुकीचा पाचांपैकी चार भागांहून अधिक वाटा रेल्वेकडे होता. आज तो तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. याचे कारण केवळ ट्रकांची संख्या वाढली हे नव्हे. एकाच रुळांवर प्रवासी गाडी व मालगाडी चालू लागली म्हणजे मालगाडीस बाजूच्या लाइनीवर उभे राहून वाट द्यावी लागते. मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास राहिला, तो इंजिन दुबळे म्हणून नव्हे, तर गाडीचा पुष्कळ वेळ उभे राहण्यात जाई म्हणून. यावर उपाय म्हणून मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याचे ठरले. लुधियानापासून बिहारमधील सोननगरपर्यंतचा १३३७ किलोमीटरचा पूर्व मार्ग २०२३ साली पुरा झाला. दिल्लीजवळील दादरीपासून मुंबईजवळील न्हावा-शेवा बंदरापर्यंतचा पश्चिम मार्ग १५०६ किलोमीटरचा. तो वडोदऱ्याच्या परिसरातून जातो आणि त्यावर विजेच्या तारांखालून एकावर एक दोन थर कंटेनर घेऊन गाड्या धावतात. या मार्गाचा बहुतेक भाग सुरू झाल्यावरही मुंबईकडील शेवटचा टप्पा मागे राहिला होता. चौदाशे किलोमीटर झपाट्याने यावयाचे आणि बंदराच्या तोंडाशी येऊन जुन्याच गर्दीत शिरावयाचे, असा तो प्रकार होता. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते, हे आपण वजनकाट्याच्या साखळीवरूनही जाणतो.

जवळचे बंदर, दूरचे बंदर

येथे गोव्यातील वाचकांच्या मनात एक प्रश्न सहज येईल. बेळगावपासून मुरगाव बंदर सुमारे दीडशे किलोमीटर, तर न्हावा-शेवा साडेचारशेहून अधिक. मग परदेशातून येणारी मसूर वा तूर कंटेनरमधून यावयाची ती बहुधा दूरच्या बंदरातून का येते?

याचे उत्तर असे की, जहाज अंतर पाहून येत नाही, माल पाहून येते. ज्या बंदरात आठवड्यातून अनेक जहाजे लागतात, रिकामे कंटेनर सहज मिळतात आणि परतीचा मालही असतो, तेथे भाडे उतरते. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराने हे चक्र एकदा फिरविले व ते आपोआप वाढत गेले. मुरगाव हे १९६३ पासून देशाच्या प्रमुख बंदरांत गणले जाते, पण त्याची घडण लोहखनिजाच्या भरवशावर झाली. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले तेव्हा त्या बंदराची उलाढाल एकदम कोसळली. एकाच मालावर पेढी चालविणाऱ्याची जी गत होते, तीच बंदराचीही होते.

मुरगावला देशाच्या आतील भागाशी जोडणारा रेल्वेमार्ग पोर्तुगीज अमदानीत, १८८८ च्या सुमारास सुरू झाला. कुळे व कॅसलरॉक यांच्यामधील घाटात त्याचा चढ सदतिसास एक इतका तीव्र आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. तेथे मालगाडीस जादा इंजिने जोडावी लागतात. हा मार्ग दुहेरी करण्याची योजना पुढे आली, परंतु तो भगवान महावीर अभयारण्यातून जातो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या टप्प्यासाठी वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. कोळशाच्या धुळीविषयी गोवेकरांची तक्रारही जुनी आहे. आम्ही व्यापारी आहोत, आम्हांस मार्ग हवा आहे. परंतु ज्या अरण्यास महावीरांचे नाव आहे तेथील झाडे तोडण्यापूर्वी, आहे त्या मार्गावरील थांबे कमी करून काय साधते हे आधी पाहावे, असे म्हणण्यात व्यापारी म्हणून आमचे काही कमी होते असे आम्हांस वाटत नाही. नवा रूळ हा एकच उपाय नव्हे.

बंदराच्या आतही थांबेच मोजावयाचे असतात. जहाजास धक्का मिळण्याची वाट, जकातीची तपासणी, धान्य असल्यास रोगकिडीसाठी नमुना, मग कंटेनर बाहेर नेणारी गाडी. जागतिक बँकेच्या २०२३ च्या पाहणीत भारतीय बंदरांत कंटेनर सरासरी सुमारे तीन दिवस राहतो असे दिसून आले; ही प्रगती खरोखर मोठी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण येथे नव्या खोल बंदराची पायाभरणी झाली. तेथे जगातील मोठी जहाजे लागतील ती लागोत. त्यांतील माल पुढे तितक्याच वेगाने हलला तरच त्या खोलीचा उपयोग.

लहान व्यापाऱ्याची अडचण

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. पूर्वी एक वॅगन भरून माल मागविता येत असे. आता रेल्वेस संपूर्ण रेक हवा असतो. बंद वॅगनांच्या एका रेकमध्ये सव्वीसशे टनांच्या आसपास धान्य मावते, म्हणजे पन्नास किलोचे बावन्न हजार कट्टे! आपल्यापैकी किती पेढ्या एवढा माल एका वेळी मागवू शकतील, आणि ठराविक तासांत मालधक्क्यावरून हलवून डेमरेज वाचवू शकतील? म्हणून रेल्वे स्वस्त असूनही लहान व्यापारी ट्रककडेच वळतो. २०३० पर्यंत रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. ते केवळ कोळसा व लोखंडाने पुरे होणार नाही. त्यात आपले कट्टेही चढले पाहिजेत.

बरीच वर्षे सभासंमेलनांतून असे सांगितले जाई की, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के रक्कम मालाची ने-आण व साठवण यांत जाते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात २०२३-२४ सालासाठी हा आकडा ७.९७ टक्के काढला आहे. परंतु त्याच अहवालात लहान उद्योगांवर हा बोजा मोठ्या उद्योगांच्या मानाने दुपटीच्या घरात पडतो, असेही दिसते. देशाची सरासरी सुधारली म्हणून आपली वही सुधारली, असे समजण्याचे कारण नाही.

साठवणुकीतही हेच. पंजाबातील मोगा व हरियाणातील कैथल येथील कोठारांतून सुटा गहू खास वॅगनांतून चेन्नई, कोइमतूर, बंगळूर, नवी मुंबई येथील कोठारांत पोत्यावाचून जातो. आपणांस ते झेपणारे नाही. परंतु नोंदणीकृत गुदामात माल ठेवून त्याची इलेक्ट्रॉनिक पावती घ्यावी व तीवर बँकेकडून उचल घ्यावी, ही सोय २०१७ पासून लहान व्यापाऱ्यासही मोकळी आहे. माल एका जागी राहतो, मालकी हातोहात बदलते आणि दोन उचली वाचतात.

आमच्याच दारातील सतरा तास

हे सर्व लिहीत असता आमच्या मनात आले की, इतरांचे थांबे मोजणाऱ्याने स्वतःचेही मोजावेत. गेल्या हंगामात इंदूरहून आलेल्या गव्हाच्या एका गाडीचा हिशेब आम्ही चिरंजीवांकरवी तासावारी लिहून घेतला. गाडी भरावयास लागल्यापासून आमच्या गुदामात रिकामी होईपर्यंत एकूण ७४ तास गेले. त्यांपैकी प्रत्यक्ष चालणे २४ तास. चालकाची झोप, जेवण व विश्रांती १६ तास. ती त्याच्या हक्काची, तीत कपात करा असे कोणी म्हणू नये. इंदुरास भरणे, वजन व कागद यांत १२ तास. वाटेत घाट व शहरप्रवेशाच्या वेळा यांत ५ तास. राहिलेले १७ तास कोठे गेले? ते आमच्याच दारात गेले.

गाडी संध्याकाळी पोहोचली तेव्हा हमाल घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आधीच्या दिवसाचा माल जागेवरून हलविलेला नव्हता, म्हणून थप्पी लावावयास जागा नव्हती. वाटेतील विश्रांती सोडली तर गाडी एकूण ३४ तास उभी होती, त्यांपैकी निम्मे तास आमच्यामुळे. आणि आम्ही चाळीस वर्षे सरकारकडे अर्ज करीत आलो!

चालक मध्यमवयीन, माळव्यातला. गाडीच्या सावलीत स्टोव्ह मांडून त्याने डाळ शिजविली. हॉल्टिंगचे पैसे देऊ केले तेव्हा तो म्हणाला, "शेठजी, हे द्याल ते घेईन, पण कोल्हापूरचा गूळ परत न्यावयाचा होता, ती खेप गेली, तिचे काय?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याची बुडालेली खेप पुढच्या वेळी आमच्याच भाड्यात चढणार होती, हे मात्र कळत होते.

म्हणून आपल्या संघापुढे आम्ही काही सूचना नम्रपणे ठेवतो.

१) माल मागविताना गाडी पोहोचण्याचा दिवस व वेळ अगोदर कळवून घ्यावी, आणि त्या वेळी जागा व हमाल तयार ठेवावेत. संध्याकाळी येणाऱ्या गाड्यांसाठी बाजारातील पेढ्यांनी मिळून पाळीने हमालांची व्यवस्था करावी व त्यांस जादा वेळेची मजुरी रास्त द्यावी.

२) रेल्वेच्या मिनी रेकसाठी वीस वॅगन पुरतात. चार-सहा पेढ्यांनी एकत्र मागणी नोंदवून हंगामात निदान एक रेक आणून पाहावा. इंदूर व वडोदरा येथील आपल्या स्नेही पेढ्यांशी त्यासाठी पत्रव्यवहार करावा.

३) गुदामात कट्टे चढविण्यासाठी सरकता पट्टा बसवावा. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन मोडलेल्या कमरा आम्ही पाहिल्या आहेत. यंत्र आले म्हणून जुन्या हमालांस घरी बसवू नये. थप्पी, तोल व यंत्राची देखरेख ही कामे त्यांच्याच हाती द्यावीत.

४) बाजाराच्या आवारात चालकांसाठी पाणी, शौचालय व निवाऱ्याची एक खोली संघाने बांधावी. ती पुढील स्मरणिकेपूर्वी पुरी व्हावी, अशी आमची इच्छा आहे, व तीत आमच्या पेढीचा वाटा आम्ही आजच नोंदवितो.

सरकारचे काम सरकारने करावे. घाटातील गर्दी, रेल्वेच्या अटी, बंदरातील विलंब याविषयी आपण लिहीत राहूच. २०२१ च्या गतिशक्ती आराखड्याने व २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाने निरनिराळी खाती एका नकाशावर आणण्याचा प्रयत्न चालविला आहे. त्याचे आपण स्वागत केले पाहिजे. परंतु त्या नकाशात आपल्या गुदामाचे दार दाखविलेले नाही. तेथील तास आपणच मोजावयाचे आहेत. या हंगामापासून आमच्या पेढीवर त्यासाठी एक वेगळी वही घातली आहे, आणि पुढील वर्षी सतराचा आकडा किती खाली आला ते याच स्मरणिकेत प्रामाणिकपणे कळविण्याचे आम्ही आश्वासन देतो.